सर्पदंशाचा रुग्ण आणि परिचारिकेची नजर

पनवेल तालुक्यातील आपटा हे गाव पाताळगंगेच्या काठी, भातशेतीच्या आणि कर्नाळ्याच्या रानाच्या सान्निध्यात वसले आहे. अशा भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकाऊ परिचारिकेने सर्पदंशाच्या रुग्णाचे निरीक्षण नीट शिकून घेणे अगत्याचे आहे. कारण रुग्ण दाखल होताच त्याच्याजवळ पहिल्यांदा पोहोचते ती बहुधा तीच.

प्रथम श्वास, नाडी, रक्तदाब व शुद्ध पाहावी. मग हातातील बांगड्या, अंगठ्या, पायातील जोडवी काढावीत. सूज चढल्यावर ती निघत नाहीत. सुजेच्या कडेशी पेनाने रेघ ओढून वेळ लिहावी, म्हणजे सूज किती सरकली हे तासाभराने कोणालाही कळते. दंश झालेला अवयव हाडमोड झाल्याप्रमाणे फळीला बांधून स्थिर ठेवावा. घट्ट आवळपट्टी बांधू नये आणि जखमेवर चीर देऊ नये.

आपल्याकडील प्रमुख विषारी साप चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर, तर घोणस व फुरसे यांचे रक्ताच्या गोठण्यावर परिणाम करते. मण्यार विशेष फसवी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. वेदना होत नाहीत, दाताची खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोट दुखते म्हणून आलेल्या रुग्णाच्या पापण्या जड झाल्या आहेत काय, हे म्हणून पाहावेच. एका श्वासात त्याला किती आकडे मोजता येतात ते वेळोवेळी नोंदवावे. आकडा घटू लागला की वैद्यकीय अधिकाऱ्यांना तत्काळ कळवावे.

रक्ताची परीक्षा अगदी साधी आहे. शिरेतील दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवावे व नंतर नळी कलती करावी. रक्त पातळच राहिले तर ते गोठत नाही असे समजावे. नळी काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर निष्कर्ष चुकतो. पहिली परीक्षा ठीक आली म्हणून निर्धास्त होऊ नये. पहिले तीन तास ती दर अर्ध्या तासाने पुन्हा करावी. रक्त गोठत नसलेल्या रुग्णाला स्नायूत इंजेक्शने देणे शक्यतो टाळावे.

प्रतिविष वरील चार सापांवर चालते. कोकणातील हिरव्या चापड्यावर नाही. विषबाधेची लक्षणे दिसल्यावरच ते शिरेतून देतात. मात्रा मुलाला व मोठ्या माणसाला सारखीच, कारण सापाने सोडलेले विष वय पाहून कमीजास्त होत नसते. ते सुरू असताना अंगावर गांधी, खाज, कापरे, दम यांवर लक्ष ठेवावे. अॅड्रेनालिन आधीच भरून हाताशी असावे.

विंचवाबद्दलही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात तांबड्या विंचवाच्या दंशाचा अभ्यास करून 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची पूर्वलक्षणे मांडली : उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोगही त्यांनी दाखवून दिला. तेव्हा विंचूदंशाच्या रुग्णाला वेदना किती आहे एवढेच न विचारता त्याच्या तळहाताला हात लावून पाहावा. तळवा गार लागला तर रक्तदाब मोजून ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे.