फाईल बिघडली, दोष कुणाचा?

२००५-०६ चं भारनियमन सोसलेले डोंबिवली-कल्याणकर सर्व्हरवरची फाईल करप्ट झाली की आधी विजेला शिव्या घालतात. पण थांबा! बिघडलेल्या फाईलचा एमडी५सम दोनदा काढा. मधे सर्व्हर रीस्टार्ट करायचा, नाहीतर दुसरं वाचन रॅममधल्या कॅशमधूनच होतं (इथेच बरेचजण फसतात). उत्तरं वेगळी आली? मग वाचतानाच गडबड आहे. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. उत्तर तेच, पण मूळ प्रतीशी जुळत नाही? साईज ताडून बघा. लिनक्सवरून विंडोजवर एफटीपीच्या टेक्स्ट मोडने आणलेली झिप फुगते, कारण प्रत्येक ०ए चा ०डी ०ए होतो. फाईलचं शेपूट नुसत्या शून्यांनी भरलंय आणि शेवटचा बदल वीज गेली त्याच मिनिटाचा आहे, तर मग विजेला खुशाल बोला.