बँक खात्याचा मेळ व चुकीचा शोध

शाळेची रोखवही व बँकेचे पासबुक यांतील शिल्लक जुळली नाही की पुष्कळ शिक्षकांचे मन अस्वस्थ होते. कोणी घाईने आकडा खोडतात, तर कोणी रक्कम लहान आहे असे पाहून पदरचे पैसे भरून मोकळे होतात. हे दोन्ही मार्ग टाळावेत. तफावत पडणे हा दोष नव्हे. ती झाकणे हा दोष होय. पदरचे पैसे भरल्याने मूळ चूक तशीच राहते, आणि पुढे लेखापरीक्षणाच्या वेळी प्रामाणिक मनुष्यासही तिचा खुलासा करता येत नाही.

मेळ घालण्यापूर्वी पासबुक महिनाअखेरपर्यंत भरून आणावे. नंतर दोहोंतील नोंदी एकेक ताडून जुळलेल्या नोंदीवर पेन्सिलीने खूण करावी. खुणेवाचून राहतील त्याच नोंदींत तफावतीचे मूळ असते.

उदाहरणार्थ, ३१ मार्च रोजी एका शाळेच्या रोखवहीत बँकेतील शिल्लक १८,४६० रुपये व पासबुकात २१,११३ रुपये आहे असे समजू. रंगकामाचा २,७५० रुपयांचा धनादेश २८ मार्चला दिला, पण तो अद्याप वटलेला नाही. बँकेने १४२ रुपये व्याज जमा केले व ५९ रुपये आकार कापला; या दोन नोंदी रोखवहीत नाहीत.

रोखवहीप्रमाणे : १८,४६० + १४२ – ५९ = १८,५४३
पासबुकाप्रमाणे : २१,११३ – २,७५० = १८,३६३
उरलेली तफावत : १८० रुपये

येथवर जे पाहिले ते केवळ काळाचे अंतर. आता खरी चूक शोधावयाची. त्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडतो.

१. १८० रुपयांचीच एखादी नोंद राहिली आहे काय, ते पाहावे.
२. तफावतीची निम्मी रक्कम, म्हणजे ९० रुपये, खर्चाऐवजी जमेच्या बाजूस लिहिली गेली आहे काय, ते पाहावे.
३. तफावतीस ९ ने निःशेष भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल किंवा शून्याची चूक संभवते. १८० ला ९० ने भागिले असता २ येतात. म्हणून ज्या रकमेत शतक व दशक स्थानच्या अंकांत २ चा फरक आहे, ती प्रथम तपासावी.

या शाळेत तसेच आढळले. बाकांच्या दुरुस्तीचे १,५३० रुपये रोखवहीत १,३५० लिहिले गेले होते. तथापि केवळ पासबुकावर विसंबू नये. प्रमाणक व धनादेशाची स्थळप्रत पाहूनच चूक कोणाची ते ठरवावे. ती बँकेची असल्यास शाखेस लेखी कळवावे.

दुरुस्ती करताना मूळ आकडा खरवडू नये किंवा त्यावर दुसरा आकडा गिरवू नये. बेरीज बंद झालेल्या पानास हात न लावता, आजच्या तारखेस १८० रुपये खर्ची टाकून जुन्या पानाचा व प्रमाणकाचा क्रमांक लिहावा आणि स्वाक्षरी करावी. व्याज व बँकेचा आकार यांचीही नोंद रोखवहीत घ्यावी. न वटलेला धनादेश मात्र केवळ मेळपत्रकात दाखवावा; त्याचा खर्च पूर्वीच पडलेला असतो. १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत तीन महिन्यांची आहे. मुदत संपलेला धनादेश मेळपत्रकात वर्षानुवर्षे ओढीत नेऊ नये. ज्यास दिला त्याच्याकडे विचारणा करून तो रद्द करावा व रक्कम पुन्हा जमेस घ्यावी.

हे काम दरमहा केल्यास शोधावयाच्या नोंदी आठ-दहाच असतात. वर्षअखेरीस केल्यास त्या शंभराच्या घरात जातात. मेळपत्रक शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवावे. चूक आपणच सांगितली, तर तिच्याविषयी संशयास जागा उरत नाही.

स्वाध्याय : तफावत २७० रुपये आहे. वरील क्रमाने कोणकोणत्या रकमा तपासाल? ३० रुपयांच्या नोंदीत एक शून्य अधिक पडल्यास काय होईल, तेही पडताळून पाहा.