आजारी मांजराचे औषधपाणी : किती आणि कुठपर्यंत?

आपल्या स्मरणिकेत मांजराच्या आजारपणावर लेख पाहून काही सभासदांना आश्चर्य वाटेल. परंतु सम्राट अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची व पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. तेव्हा विषय परका नाही. आज आपल्या अनेक घरांत मांजर असते, ते म्हातारे होते, असाध्य आजाराने अंथरूण धरते आणि घरातील माणसांत मतभेद सुरू होतात. एक म्हणतो जीव आहे तोवर औषध द्या, दुसरा म्हणतो आता तिचे हाल थांबवा. आम्ही पशुवैद्य नाही. आमच्या घरच्या मनीच्या आजारात पंधरा महिने जे पाहिले, डॉक्टरांना विचारले आणि वाचले, ते येथे मांडत आहोत.

म्हाताऱ्या मांजरांत वारंवार आढळणारा गंभीर आजार म्हणजे मूत्रपिंडाचा जुनाट विकार. मूत्रपिंडात रक्त गाळणारे असंख्य सूक्ष्म घटक असतात. ते एकदा निकामी झाले की पुन्हा तयार होत नाहीत. साधारण दोन-तृतीयांश घटक गेल्यावर लघवी पातळ होऊ लागते आणि सुमारे तीन-चतुर्थांश गेल्यावर रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते. म्हणजे अहवालात आजार उमटतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. मांजर एकाएकी जास्त पाणी पिऊ लागले, लघवी वाढली, पाठीचा कणा हाताला लागू लागला, तर तपासणी लांबवू नये. आयरिस या आंतरराष्ट्रीय संस्थेने या आजाराचे चार टप्पे ठरवले आहेत. क्रिएटिनिन २.९ ते ५ पर्यंत तिसरा टप्पा, ५ च्या वर चौथा. आमची मनी चौदाव्या वर्षी ३.६ वर होती.

आता मुख्य मुद्दा. या आजाराला बरे करणारे औषध नाही. जे मिळते ते आजाराची गती कमी करण्यासाठी किंवा त्रास हलका करण्यासाठी. या दोन प्रकारांतला फरक विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा, कारण पुढचा सारा विचार त्यावर उभा आहे. फॉस्फरस कमी असलेला खास आहार आणि फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड यांचा फायदा महिन्यांच्या हिशेबाने मिळतो. उलटी व मळमळ थांबवणारे औषध, भूक लावणारी गोळी, कातडीखाली दिलेले सलाईन यांचा फायदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतो. मांजरापुढे एखादे वर्ष असेल तेव्हा पहिल्या प्रकाराला मोल आहे. काही आठवडेच उरले असतील, तर महिन्यांनी मिळणाऱ्या फायद्यासाठी आजचे जेवण कडू करण्यात अर्थ राहत नाही.

औषधाची किंमत केवळ बिलावर नसते. मांजराला पकडणे, टॉवेलात गुंडाळणे, जबडा उघडणे, हीसुद्धा किंमतच, आणि ती मांजर भरते. मनीला एका वेळी दोन गोळ्या, एक पूड, एक पातळ औषध आणि एक दिवसाआड शंभर मिलिलिटर सलाईन चालू होते. औषधांचा खण उघडल्याचा आवाज आला की ती पलंगाखाली जाऊन बसे. पूड कालवलेले अन्न ती हुंगून सोडून देई. मांजराने काही दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो. म्हणूनच डॉक्टर सांगतात, पथ्याचे अन्न ताटलीत पडून राहण्यापेक्षा साधे अन्न पोटात गेलेले बरे.

त्रास कमी करण्याचे काही मार्ग आहेत. कोरडी गोळी घशाखाली अडकून अन्ननलिकेला जखम करू शकते, म्हणून मागोमाग सिरिंजने थोडे पाणी द्यावे. सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी उबदार करावी. गार सलाईन मांजराला नकोसे होते. सलाईन दिल्यावर खांद्यांमागे उंचवटा येतो, तो काही तासांत जिरतो. मांजराचे हृदय कमकुवत असेल तर मात्र जादा सलाईनने फुप्फुसात पाणी होऊ शकते. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला तीसच्या वर जाऊ लागले तर डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

येथे एक इशारा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. आपले यकृत ती सहज पचवते, मांजराचे नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. माणसांची इतर वेदनाशामकेही मनाने देऊ नयेत.

मांजराचे दिवस कसे जात आहेत हे ओळखणे सोपे नाही. मांजर दुखणे लपवते. ते घुरघुरते म्हणजे सुखी आहे असे आपण धरतो, पण दुखत असतानाही मांजर घुरघुरते. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, मुसकट, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. दहापैकी चार वा अधिक झाले तर वेदनाशामकाचा विचार करावा. अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अॅलिस विलालोबोस यांनी २००४ मध्ये वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशी सात अंगांची गुणपत्रिका मांडली. प्रत्येकी दहा गुण. एकूण पस्तीसच्या वर असतील तर जीवन सुसह्य मानायचे. पत्रिका उपयुक्त आहे, पण आम्हाला बेरजेवर विसंबणे पटत नाही. सहा विषयांत सहा-सहा गुण मिळवून वेदनेच्या विषयात शून्य असलेले मांजरही छत्तीसने उत्तीर्ण होते!

आम्ही त्याहून सोपे केले. मनी बरी असतानाच तिच्या तीन सवयी ठरवल्या : सकाळी खिडकीत बसणे, कोळणीची हाक ऐकून दाराशी येणे, आणि स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवणे. तीनपैकी दोन झाल्या तर कालनिर्णयावर बरोबरची खूण, नाहीतर फुली. बँकेच्या नोकरीमुळे तारखेनिशी नोंद करायची सवय होतीच. खूण रोज वेगळ्या माणसाने करायची, म्हणजे एकाचेच मत चालत नाही. तेराव्या महिन्यात नऊ फुल्या होत्या, चौदाव्यात एकोणीस. क्रिएटिनिन ५.८ झाले होते, वजन चार किलोंवरून २.७ वर आले होते. पण घरातला वाद मिटला तो कालनिर्णयामुळे. आईला अहवालातले आकडे कळत नव्हते, फुल्या कळत होत्या.

त्यानंतर आम्ही डॉक्टरांपुढे औषधांची यादी ठेवली आणि प्रत्येकाविषयी तीन प्रश्न विचारले : हे कशासाठी, याचा गुण केव्हा दिसेल, थांबवले तर काय होईल? फॉस्फरसची पूड व पथ्याचा आहार बंद झाला. उकडलेली मासळी सुरू केली आणि मनी पुन्हा ताटलीशी आली. पुढच्या बारा दिवसांत दोनच फुल्या पडल्या. रक्तदाबाची अॅम्लोडिपिनची गोळी मात्र डॉक्टरांनी ठेवायला लावली. ती अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा तुकडा, मासळीत सहज जाई. आणि रक्तदाब चढला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. मनीच्या खिडकीचे काय झाले असते! उलटीचे औषध शेवटपर्यंत दिले. रक्ततपासणी थांबवली, कारण आकडा कितीही आला तरी आम्ही वेगळे काही करणार नव्हतो, आणि टोपलीतून रिक्षाने दवाखान्यात जाणे तिला तपासणीपेक्षा जड जात होते.

राहिला दयामरणाचा प्रश्न. पहिले शील मानणाऱ्या घरात हा विषय काढतानाही जीभ अडखळते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळणाऱ्यावर प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य टाकले आहे. आमच्या मते, इंजेक्शन नको असे ज्या घराने ठरवले त्या घरावर वेदना व मळमळ शमवण्याची जबाबदारी अधिकच येते. नुसते "निसर्गाप्रमाणे होऊ दे" म्हणून कोपऱ्यात गोणपाटावर ठेवणे ही सेवा नव्हे. आणि ज्यांनी इंजेक्शन स्वीकारले त्यांना इतरांनी दूषणे देऊ नयेत. त्यात आधी गुंगी आणून मग भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. आमच्या घरी आई विरोधात होती, मुलगी बाजूने. मनीने पाणी सोडले, उभे राहता येईना, आणि चेहऱ्याचे गुण सात झाले, त्या दिवशी वेदनाशामक देऊनही उतार पडेना. तेव्हा डॉक्टरांना घरी बोलवा असे आईनेच सांगितले.

असा प्रसंग ज्या घरात येण्याजोगा आहे, त्यांनी दोन चौकश्या आधीच करून ठेवाव्यात. रात्री-अपरात्री कोणता पशुवैद्य फोन उचलतो, आणि दहनाची किंवा पुरण्याची सोय कोठे आहे. चाळीत व इमारतीत राहणाऱ्यांना अंगण नसते, आणि त्या दिवशी विचारपूस करण्याच्या मनःस्थितीत घरात कोणीच नसते.