आधी दाबून धर

अगं, विळीवर भाजी चिरताना बोट कापलं की जीव घाबराघुबरा होतो, कळतं मला. बोटांच्या टोकांना रक्त भरपूर खेळतं, म्हणून एवढ्याशा चिरेनंही फरशी लाल होते. पण बघ, दिसतं तेवढं रक्त गेलेलं नसतं. तू आधी खाली बस.

धुतलेला सुती रुमाल जखमेवर ठेव, घट्ट दाब आणि हात छातीच्या वर धर. घड्याळात बघून पूर्ण 10 मिनिटं. खरं सांगू का, सगळ्यांचं इथेच बिनसतं. ‘थांबलं का’ म्हणून दर मिनिटाला रुमाल उचलायचा, की नुकती धरू लागलेली गुठळी त्याच्यासोबत निघून येते. रुमाल भिजला तर काढू नकोस, त्याच्यावरच दुसरा ठेव आणि आणखी जोरात दाब. सूज यायच्या आत त्या हातातली अंगठी, बांगड्या उतरव. सुतळीनं करकचून बांधणं मात्र नको गं, त्यानं बोटाचा रक्तपुरवठाच तुटतो.

रक्त थांबलं की नळाच्या धारेखाली जखम नीट धू, साबण भोवतीनं लाव. मग कोरडी करून पट्टी. एवढ्यात कुणीतरी हळदीचा डबा घेऊन येईलच. माया असते ती, रागावू नकोस. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, कॉफी पावडर आणि टूथपेस्टही नाही. ‘डॉक्टरांना जखम स्वच्छ दिसायला हवी’ एवढं म्हण, कुणाचं मन दुखणार नाही. डेटॉलही नुसतं ओतू नकोस, त्यानं नाजूक कातडीच भाजते.

आता डॉक्टरकडे कधी जायचं ते ऐक. जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर जा. टाके उद्यावर ढकलायचे नसतात. काच आत रुतली असेल तर उपसू नकोस, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब. रक्ताच्या चिळकांड्या उडत असतील, किंवा 10 मिनिटं दाबूनही थांबत नसेल, तर दाब न सोडता 108 ला फोन करायला सांग. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत जास्तच जागरूक राहा. पुढच्या दिवसांत लाली पसरली, ठणका वाढला, पू किंवा ताप आला तरी दाखवायचं.

धनुर्वाताचं म्हणशील, तर त्याचे जंतू माती-धुळीतून येतात, लोखंड गंजलेलं असो वा नसो. लहानपणचे डोस पूर्ण झाले असतील, तर मातीनं मळलेल्या जखमेला 5 वर्षांनी आणि साध्या स्वच्छ जखमेला 10 वर्षांनी पुन्हा इंजेक्शन लागतं. म्हणून शेवटची तारीख लिहून ठेव.

आजच एका डब्यात गॉज, चिकटपट्टी, कात्री आणि पोव्हिडोन आयोडीनचं मलम भर. आणि ती 10 मिनिटं मुलांना, नवऱ्यालाही शिकव. घरात सगळ्यांचं तू बघतेस, पण तुझंच बोट कापलं तर दाबून धरायला कुणीतरी हवं ना गं!