खोडव्याच्या रानात पाच गुंठे बरसीम



गळीत हंगाम सुरू झाला की फडातले वाढे गोठ्यात येतात आणि चार-पाच महिने वैरणीची काळजी मिटली असे आपण समजतो. जनावराचे पोट भरते हे खरे, पण वाढ्यांत प्रथिने फार थोडी. शिवाय त्यांतले ऑक्झॅलेट अंगातले कॅल्शियम अडवून धरते. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली दुभती गाय दुधाला कमी पडते, मग दोष पेंडीला!

यावर आम्हांला बरसीम सोयीचे वाटते. मूळचे हे इजिप्तचे द्विदल गवत, १९०४ साली सिंधमध्ये आले. प्रथिने व कॅल्शियम दोन्ही भरपूर. ज्यांचा शेवटचा खोडवा लवकर तुटतो आणि पुढे आडसालीच लावायची आहे, त्यांचे रान हिवाळाभर मोकळे असते. त्यातले पाचच गुंठे घ्या. जास्त नको, कारण बरसीमला दर आठ-दहा दिवसांनी पाणी लागते. फेब्रुवारीत ज्यांची विहीर तळ गाठते त्यांनी या वाटेला जाऊच नये.

पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी. उशीर झाला की कापण्या बुडतात. पाच गुंठ्यांना दीड किलो बी आणि पेरणीपूर्वी २५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरे. बियांत कासनी या तणाचे बी मिसळलेले असते. १० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगेल ते काढून फेका. खाली बसलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या. मग गुळाच्या पाण्यात कालवलेले जिवाणू संवर्धक चोळून सावलीत सुकवा. संवर्धक बरसीमचेच मागावे. घरात सोयाबीनचे पाकीट उरले आहे म्हणून तेच लावले तर मुळांवर गाठी धरत नाहीत, आणि गाठी नाहीत तर हवेतला नत्रही नाही. पहिल्यांदाच बरसीम घेणाऱ्या रानात तर हे चुकवूच नका.

बी बारीक असते, म्हणून वाफे सपाट हवेत. पहिली कापणी ४५ ते ५० दिवसांनी, पुढच्या २५ ते ३० दिवसांनी. जमिनीपासून दोन-तीन बोटे वर कापावे, म्हणजे फुटवा जोमाने येतो. चांगल्या पिकात गुंठ्याला ६०० किलोपर्यंत हिरवा चारा निघतो. पाच गुंठ्यांचे ३० क्विंटल, म्हणजे चार महिने रोज २५ किलो. दोन दुभत्या जनावरांच्या वाढ्यांना एवढी जोड बरीच झाली.

मात्र भुकेल्या जनावरापुढे दवाने ओले, कोवळे बरसीम कधीही टाकू नये. पोटफुगीने जनावर काही तासांत दगावते. आधी कडबा किंवा वाढ्यांची कुट्टी द्या, मग अर्धा दिवस सुकवलेले बरसीम त्यात मिसळून. डावी कूस फुगलेली दिसली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यास बोलवा.

मार्चअखेर ऊन तापले की वाढ खुंटते. तेव्हा शेवटची कापणी न घेता पीक नांगरून गाडावे. जुलैच्या आडसाली लावणीपर्यंत ते कुजून जाते.