नव्या टाकीत मासे का दगावतात?

प्रश्न : आठवड्यापूर्वी दोन फुटी टाकीत गोल्डफिश, एंजल आणि टायगर बार्ब सोडले. पाणी नितळ आहे, तरी मासे मरताहेत. काय चुकलं?

उत्तर : नितळ पाण्यातही विष्ठा आणि उरलेल्या खाद्यामुळे अमोनिया साठतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर खाद्य अगदी चिमूटभर द्या आणि एक-दोन दिवसांआड पाव टाकी पाणी बदला, पण क्लोरीन घालवूनच. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

सोबतही चुकली आहे. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, एंजलला 25 ते 28 अंश. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. तिघांना वेगळं करा. जिवाणू रुजेपर्यंत कृपया नवा मासा आणू नका.