ऐकू येईल तोच एडिटर

"तुला दिसत नाही, मग तू प्रोग्राम लिहितोस तरी कसा?" मेसमध्ये दरवर्षी नव्या बॅचमधलं कुणीतरी हे विचारतंच. उत्तर सोपं आहे : ऐकून. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं आणि मी माउसला हात न लावता की-बोर्डवर काम करतो. खरी अडचण पुढेच आहे. कोणत्या एडिटरमध्ये काम करायचं?

हा धडा मला फर्स्ट इयरच्या 'सी'च्या प्रॅक्टिकलने दिला. लॅबमध्ये निळ्या पडद्याचा, डॉसच्या काळातला कंपायलर होता, तोही एम्युलेटरच्या विंडोत चालणारा. मी टाइप करतोय आणि स्क्रीन रीडर गप्प! कारण नंतर कळलं. अशी विंडो स्क्रीन रीडरला अक्षरं देत नाही, ती अक्षरांचं चित्र काढते. डोळ्यांना दोन्ही सारखंच, पण चित्रातून स्क्रीन रीडरला काही मिळत नाही. एक सेमीकोलन राहिला होता. लॉजिक बरोबर असूनही आउटपुट आलं नाही आणि मार्क गेले.

पुढच्या वेळी सरांनी साधा टेक्स्ट एडिटर आणि टर्मिनलवर जीसीसी वापरू दिलं. एरर लाइन नंबरसकट अक्षरांत आली, म्हणजेच ऐकू आली. एक्स्टर्नलनी कुतूहलाने माझा हेडफोन कानाला लावला आणि त्या वेगाला हात जोडून परत केला! भाषा तीच, मीही तोच, फक्त टूल बदललं होतं.

तेव्हापासून नवीन टूल आलं की आधी मीच त्याची परीक्षा घेतो. प्रश्न चारच.

१) लिहिलेली ओळ वाचली जाते का? एक्लिप्स इथे पास होतं, कारण त्याचे मेनू आणि बटणं बहुतांशी ऑपरेटिंग सिस्टिमचीच असतात. स्क्रीन रीडर त्यांना ओळखतो.

२) माउसशिवाय सगळं जमतं का? व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून कमांड नावाने शोधता येते. आयकॉन कुठल्या कोपऱ्यात आहे याच्याशी मला देणंघेणं उरत नाही.

३) चूक सांगितली जाते का? शब्दाखालची लाल रेघ माझ्या काय कामाची? त्याच एडिटरमध्ये एफ-८ दाबलं की कर्सर पुढच्या एररवर जातो आणि ती ऐकू येते.

४) मी कुठे आहे ते कळतं का? पायथनमध्ये एक इंडेंट चुकला की सगळंच चुकलं. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इंडेंटेशन शब्दांत किंवा सुरांत ऐकायची सोय आहे. ओळ जितकी आत, तितका सूर वर. मात्र ही सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. विरामचिन्हांची पातळीही वाढवावी लागते, नाहीतर बरेच कंस न बोलताच ओळ संपते.

एनव्हीडीए मोफत आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध प्रोग्रामरने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. त्याहून जवळचं उदाहरण आपल्या पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांचं. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९९५ मध्ये त्यांनी 'ईमॅकस्पीक' आणलं. ते पडदा वाचत बसत नाही, एडिटरलाच बोलतं करतं. तुम्हाला कीवर्ड आणि कॉमेंट वेगळ्या रंगात दिसतात, तिथे ऐकणाऱ्याला आवाज बदललेला जाणवतो. पडद्यावर काय दिसतं यापेक्षा त्या कोडचा अर्थ काय, हे पोचवणं महत्त्वाचं. टूल निवडताना मी हेच बघतो.

शेवटी दोन विनंत्या. सरांना आणि मॅडमना : लॅबसाठी सॉफ्टवेअर ठरवण्याआधी त्यावर स्क्रीन रीडर लावा, मॉनिटर बंद करा आणि दहा ओळींचा प्रोग्राम लिहून बघा. निर्णय तिथेच होईल. आणि मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुपवर कोडचा फोटो टाकू नका, टेक्स्ट टाका. फोटोतला सेमीकोलन मला अजूनही सापडत नाही!